कुंदाताईंच्या दांडीवरचा आळ

कुंदाताई,

शोकसभेत मी बोललो नाही. कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ओळखपत्रावरचा तुमचा फोटो मोठा करून लावला होता, त्यामुळे तुम्ही सगळ्यांवर जरा रागावल्यासारख्या दिसत होतात. एकेकजण उठून चांगलं चांगलं सांगत होता. पॅकिंगच्या मुलींनी तुमच्या सुक्या जवळ्याच्या चटणीची आठवण काढली. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गहिवरला. गहिवरलो होतोच, पण गप्प बसण्याचं कारण वेगळं होतं. दोन वर्षं खपून तुम्ही उभं केलेलं काम तपासाच्या अहवालातल्या एका ओळीमुळे कपाटात जाऊन पडलं होतं. ती ओळ खोटी आहे हे माहीत असलेला मी एकटाच मागे उरलो होतो, आणि ती लिहिली गेली माझ्यामुळे.

हे तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. ते जमलं नाही म्हणून लिहितोय. पण तुम्हाला लिहायला बसलं की तेवढंच लिहून भागत नाही. आधी दुसरं बरंच येतं.

कंपनीतला माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल का? मी दिवेआगरचा. आबा लोकांच्या वाड्यांत शिंपण्याचं आणि सुपारी पाडण्याचं काम करायचे. वादळात वाड्याच आडव्या झाल्या आणि त्यांचं काम गेलं. घरात बारावीच्या पुढे शिकलेला मी पहिलाच, तोही मराठी शाळेतून, तालुक्याच्या कॉलेजातून. पांढरा सूट, डोक्यावर टोपी, त्यावर दुसरी टोपी, दोन जोड हातमोजे हे सगळं अंगावर चढवून मी पेशी वाढवायच्या टाकीसमोर उभा राहिलो आणि विचारलं, "यात पेशी किती दिवस जगतात?" बाकीची पोरं फिस्सकन हसली. तिथे सगळे 'सेल' म्हणायचे. तुम्ही मागे न बघताच म्हणालात, "हसू नका रे. ह्याला निदान अर्थ ठाऊक हाय." त्यानंतर मला इंग्रजीची लाज वाटायची थांबली असं नाही, पण प्रश्न विचारायची भीती गेली.

माझ्या आईलाही तुम्हीच समजावलंत. पोरगा कंपनीत विषाणू बनवतो हे गावात कळलं तेव्हा टाळेबंदीच्या आठवणी ताज्या होत्या. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "तुझा मुलगा परत तेच आणणार काय गं?" आई डोळे तपासायला पेणला आली तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही तिच्याशेजारी बाकावर बसलात.

"वहिनी, काही मुलांच्या अंगात जन्मापासून एक सूचना चुकीची लिहिलेली असते. ती बरोबर करून आत पोचवायची, तर आत जायला रस्ता कोणाला ठाऊक? विषाणूला. म्हणून आम्ही रिक्षा तीच ठेवतो. आतला गुंड उतरवतो आणि डॉक्टर बसवतो."

"आणि गुंड परत चढला तर?"

"म्हणून तर तुमच्या मुलाला ठेवलाय दारावर."

आई ते अजून सगळ्यांना सांगते. मला मात्र दारावर ठेवलाय हे ऐकलं की पुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. त्याचं कारण येईलच.

मोजायला तुम्ही शिकवलंत. टाकीतून चमचाभर द्रव काढायचा, त्यात निळा रंग मिसळायचा, थेंब काचेच्या चौकटीवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी मोजायची. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही, मोत्यासारखी चमकते. पहिले तीन महिने माझा आकडा आणि तुमचा आकडा जुळायचा नाही. तुम्ही म्हणायचात, "घाईत आहेस. काठावरच्यांना दोनदा धरतोस." मग एका सोमवारी दोघांचा आकडा एकच आला. नोंदवहीत माझ्या सहीखाली स्वतःची सही केलीत आणि मला पुढची काच दिलीत. मी आबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पास झालास?" मी म्हटलं, हो.

अडचण तिथेच झाली, ताई. ती मोजणी माझ्या हातात असलेली पहिली विद्या होती. आणि तुम्ही ती मोडीत काढायला निघालात.

तुम्ही दांडी आणलीत. तिचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण तुम्ही दांडी म्हणालात आणि साऱ्या प्लांटची ती दांडी झाली. हातभर लांब, बोटाएवढी जाड. टाकीच्या बाजूने आत घालून घट्ट बसवायची. ती द्रवात हलकीशी वीज सोडते. जिवंत पेशीची कातडी अखंड असते, ती ही वीज क्षणभर धरून ठेवते. मेलेली धरत नाही. त्यावरून टाकीत जिवंत किती याची रेघ दर मिनिटाला पडद्यावर पुढे सरकते. टाकी उघडायला नको, थेंब काढायला नको, निळा रंग नको. म्हणजे मीही नको, असं मला वाटलं.

"ताई, माणूस पेशी बघतो. ही नुसता आकडा बघते."

"तू दिवसातून दोनदा बघतोस. मधल्या वेळात पेशी काय तुझी वाट बघत थांबतात?"

"पण तुमची नजर हिला कुठून येणार?"

"आरं, माझी नजर माझ्याबरोबर जायची. मंग काय करणार हाय तुम्ही?"

तेव्हा तुमच्या आजाराचं मला काही माहीत नव्हतं. मला वाटलं, तुम्ही मॅनेजमेंटसारखं बोलताय. तसं मी एकदा म्हटलंही. तुम्ही डबा बंद केलात, हात धुतलेत आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोललात, तेही शुद्ध पुस्तकी मराठीत. तुमचा राग ओळखायची ती खूण होती. माया असली की गावाकडचं बोलणं यायचं.

दांडी खोटं बोलते हे सिद्ध करायची संधी मी शोधत होतो. ती मिळाली असं वाटलं तो दिवस आठवतो. टाकीत विषाणू सोडला की पेशींची वाढ थांबते, हे तुम्हीच शिकवलेलं. माझ्या मोजणीत संख्या तिथल्या तिथे होती. दांडीची रेघ मात्र वर चढत होती. मी धावत तुमच्याकडे आलो. "बघा. पेशी वाढत नाहीयेत आणि ही वाढल्या म्हणतेय."

तुम्ही मला सूक्ष्मदर्शकापाशी नेलंत. "मोजू नको. आकार बघ." बघितलं. पेशी तेवढ्याच होत्या, पण टम्म फुगल्या होत्या.

"आत विषाणू तयार होतायत त्यांच्या," तुम्ही म्हणालात. "गरोदर बाईचं वजन वाढलं म्हणजे घरात माणसं वाढली असं धरशील काय रे?"

शेजारी उभी असलेली पोरं खो खो हसली. पण नंतर पडद्याकडे बोट दाखवून तुम्ही जे सांगितलंत ते मी विसरलो नाही. ही रेघ चढेल, मग सपाट होईल, आणि ज्या घटकेला खाली वळायला लागेल तेव्हा पेशी फुटायला लागल्या असं समजायचं. त्याआधी काढलं तर औषध कमी मिळतं. उशीर केला तर फुटलेल्या पेशींच्या गाळात ते खराब होतं. हातानं मोजून ती घटका सापडत नाही, कारण हाताचा आकडा कागदावर येईपर्यंत शिळा झालेला असतो. तुमची नजर ती घटका अंदाजाने पकडायची, नेहमी बरोबर पकडायची. आणि तरीही तुम्हाला ती नजर अपुरी वाटत होती. स्वतःच्या कसबाबद्दल इतकं निर्मम बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तुमच्या वडिलांची गोष्टही तुम्ही अशीच कोरडेपणाने सांगायचात. मिठागरात पाण्याकडे बघून मीठ कधी धरणार ते त्यांना कळायचं. मी म्हटलं, केवढी मोठी देणगी! तुम्ही म्हणालात, "देणगी कसली? बाबा सकाळपासून उन्हात उभे असायचे, म्हणून कळायचं. पाय फाटायचे त्यांचे. आता कोण उभं राहणार हाय टाकीपाशी? दांडी राहते उभी. तिचे पाय फाटत न्हाईत."

आता ती गोष्ट.

दांडीच्या चाचणीचा शेवटचा टप्पा होता. नियम तुम्हीच केला होतात. दिवसाला दोनच नमुने, सकाळी आणि दुपारी, कारण टाकीची झडप जितक्या वेळा उघडू तितक्या वेळा बाहेरचं काही आत शिरायची वाट उघडते. त्या दिवशी दुपारच्या माझ्या आकड्यात आणि रेघेत फरक पडला. मला वाटलं, आता ही सापडली. मी तिसरा नमुना काढला. कोणाला न सांगता. झडपेवर स्पिरिट लावून पूर्ण दोन मिनिटं थांबायचं असतं. कंपनीच्या बसची वेळ झाली होती, मी अर्धवट थांबलो. मोजलं तर चूक माझीच निघाली. दुपारी मी काठावरच्या पेशी दोनदा धरल्या होत्या. लाज वाटली, म्हणून तो नमुना मी नोंदवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूट चढवून आत आलो तेव्हा तुम्ही पडद्यासमोर होतात. टाकीतल्या प्राणवायूची रेघ दरड कोसळावी तशी खाली येत होती.

"पेशी एवढा श्वास घेत न्हाईत," तुम्ही म्हणालात. "आत कोणीतरी दुसरं जेवतंय." आणि मान न वळवता ओरडलात, "शेजारच्या टाकीची जोडनळी बंद करा आधी!"

टाकीत जिवाणू शिरले होते. पहिली टाकी वाया गेली, दुसरी तुमच्यामुळे वाचली. सूक्ष्मदर्शकाची वाट बघत बसलो असतो तर दोन्ही गेल्या असत्या. त्या दुसऱ्या टाकीतून निघालेलं औषध पुढे सगळ्या तपासण्यांतून पार झालं. ते आता कुठल्या तरी मुलाच्या अंगात काम करत असेल, आणि त्याच्या आईवडिलांना तुमचं नावही माहीत नसेल.

तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "काल किती वेळा उघडलीस?"

"दोनदा," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलंत. "बरं," म्हणालात.

मी परमनंट व्हायला दोन महिने होते. वाड्यांतल्या नव्या रोपांना फळ धरून आबांना काम मिळायला अजून वर्षं होती. ही सबब नाही. तुम्ही विचारलंत त्या क्षणी मी यातलं काहीच आठवून बोललो नाही. तोंडातून खोटं निघून गेलं आणि मग ते परत घ्यायला रोज थोडं जास्त जड होत गेलं.

तपास समितीला कारण हवं होतं. टाकीत नवीन काय होतं? दांडी. तिच्याभोवतीच्या रबरी सीलमधून जिवाणू शिरले असण्याची शक्यता आहे, अशी ओळ तयार झाली. तुम्ही बैठकीत म्हणालात, सीलमधून शिरले असं मला वाटत नाही, आठ दिवस द्या. समितीने सांगितलं, मुदत संपली. अहवाल बंद झाला. दांडी काढून फोमच्या खोक्यात घालून कपाटात ठेवली. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर हेच फिरत राहिलं की कुंदाताईंच्या हौसेपायी अख्खी टाकी गटारात गेली. मी खिडकीशी बसून ऐकायचो. एकदा एकाने मला विचारलंही, "काय रे, तू तर तिथंच असतोस, खरं ना?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते माझं मलाही सांगता येणार नाही.

मग तुम्ही रजेवर गेलात आणि आजाराचं कळलं.

मी घरी आलो तेव्हा तुम्ही ओटीवर उशीला टेकून बसला होतात. तुमचे यजमान भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर लावून नुकतेच परतले होते आणि आत चहा टाकत होते. तुम्ही विचारलंत, "दांडी कुठं हाय?"

"कपाटात."

"पुसून ठेवली ना?"

"हो, ताई."

मी सांगणार होतो. खरंच. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "टाकीच्या वजनाचा आलेख कधी नीट बघितलास काय? बघ एकदा. लोकांचं तिकडं लक्ष जात न्हाय." भाऊ चहा घेऊन आले, त्यांनी मला बळेबळे दोन खारी खायला लावल्या. तुम्हाला धाप लागायला लागली आणि मी उठलो. त्यानंतर भेट झाली नाही.

वजनाचा आलेख मी तुम्ही गेल्यावर बघितला, शोकसभेनंतरच्या सकाळी. तुमच्यावर चार ओळी लिहून दे म्हणून ऑफिसमधून सांगितलं होतं, म्हणून जुन्या नोंदी उघडल्या. टाकी वजनकाट्यावर उभी असते. नमुना काढला की तेवढं वजन उतरतं आणि रेघेत एक बारीकशी पायरी पडते. त्या दिवशीच्या रेघेत तीन पायऱ्या होत्या. तिसरी पायरी बस सुटायच्या जरा आधीची. खाली, आलेख कोणी आणि केव्हा छापून घेतला त्याची नोंद होती. तुमचं नाव. तपासाच्या बैठकीची सकाळ.

म्हणजे कागद हातात घेऊन तुम्ही त्या बैठकीत बसला होतात. आणि आठ दिवस मागितलेत.

मला आधी तुमचा रागच आला, ताई. का नाही दाखवलात? टाकी तर गेलीच होती, कोणा रुग्णाला धोका नव्हता. धोका होता तो तुमच्या कामाला, आणि तुम्ही तो सोसलात. कशासाठी? मी चांगला पोरगा आहे म्हणून? असा चांगुलपणा मला झेपणारा नव्हता. मी तुमच्या जागी असतो तर कागद टेबलावर आपटला असता. कदाचित तुम्ही चुकलातच. एका पोराच्या तोंडून खरं निघावं म्हणून दांडी अडकवून ठेवणं हे तुमच्याच नियमात बसत नव्हतं. हा वाद मला तुमच्याशी घालायचा होता. तुम्ही नक्की काहीतरी झणझणीत बोलला असतात.

त्याच दुपारी मी गुणवत्ता विभागाच्या मॅडमकडे गेलो. त्या फाइलवरून मान वर न करता ऐकत होत्या. मी 'तीन' म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तो तपास बंद झालाय. आता कोणी विचारत नाहीये. आज का सांगतोयस?"

"चुकीचा बंद झालाय, मॅडम."

"काय होईल ते कळतंय ना तुला?"

"थोडं कळतंय."

"थोडंच कळतंय," त्या म्हणाल्या आणि कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

सगळं लिहून दिलं. सीलवर दाब देऊन चाचणी झाली, ते कुठेही गळत नव्हतं. जुनी ओळ रद्द झाली. मला टाक्यांच्या खोलीतून काढलंय. कागदपत्रांच्या खोलीत बसतो. नोकरीचा निर्णय पुढच्या महिन्यात होईल. आबांना सांगितलं. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "जेवलास का?"

रविवारी भाऊंकडे गेलो. त्यांचा पुतण्या आमच्याच बसने येतो, म्हणजे बसमधलं सगळं तुमच्या घरापर्यंत पोचत होतं हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मी ओटीवर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं. भाऊ ट्रेलरची चावी बोटात फिरवत ऐकत होते. दांडी, झडप, पायऱ्या यातलं किती कळलं कोण जाणे.

"म्हंजे तिचं चुकलं नव्हतं?"

"नव्हतं, भाऊ."

"ते मना ठाऊक व्हतं. मना काय सांगतंस?" त्यांचा आवाज चढला. "जिथं तिची बदनामी झाली तिथं सांग. बसमध्ये सांग जा."

मॅडमसमोर बोलणं त्यामानाने सोपं होतं. सोमवारी सकाळी पोयनाडला बसमध्ये चढलो. चाळीस माणसं, निम्मी झोपेत, गाणी चालू. मी सीटवर गेलो नाही. ड्रायव्हरशेजारी दांडा धरून उभा राहिलो आणि त्याला गाणी बंद करायला सांगितली. तो म्हणाला, "बस खाली, पडशील." मी उभाच राहिलो. म्हटलं, कुंदाताईंच्या यंत्रामुळे टाकी गेली नाही. टाकी माझ्यामुळे गेली. मी चोरून झडप उघडली आणि नंतर खोटं बोललो. त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. अजूनही काही म्हणायचं होतं, तुम्ही केवढ्या मोठ्या होतात वगैरे, पण ते तसंच ठेवून मी सीटवर जाऊन बसलो.

बस वडखळला पोचली. मग मागच्या सीटवरून कोणीतरी, बहुतेक बॉयलरवाल्यांपैकी, मोठ्यांदा म्हणालं,

"मंग ती दांडी परत बसवा की!"